तिसऱ्या तारेची जोडी

पद्मजा ठोसर "चहात साखर" एवढंच म्हणाल्या आणि लाइन गेली.

पडद्यावर 'जोडणी तुटली' अशी लाल पट्टी आली, दोन सेकंद थांबली आणि गेली. उल्हासराव साखरेच्या डब्यावर चमचा धरून उभे होते.

"...घ्या हो चमचाभर," पलंगाशेजारच्या स्पीकरमधून पद्मजाबाईंचा आवाज आला. "एवढ्यानं काय होतंय!"

उल्हासरावांनी दोन चमचे घातले. त्यांच्या मधुमेहाला सतरा वर्षं झाली होती, आणि त्यातली पंधरा या बाईंनी त्यांना डब्याच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. आजारपणानं माणूस मऊ होतो, असं ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मग उशाजवळची वही उघडून त्यांनी वेळ टिपली : सकाळी सात बारा, तुटली. आजची ही चौदावी. अजून दूधवाला यायचा होता.

बावीस महिन्यांपूर्वी मेंदूच्या देठाशी एक गुठळी अडकली आणि पद्मजाबाईंचं शरीर एकाएकी बंद पडलं. आतल्या पद्मजाबाई मात्र चालू राहिल्या. त्यांना ऐकू येत होतं, कळत होतं, संतापही येत होता. अशा पेशंटला निदान पापणी तरी मिटता येते, पण यांना तीही साधत नव्हती. सांगलीतल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली, वर्गाला नुसत्या नजरेनं गप्प करणारी बाई छताकडे बघत पडून राहिली.

मग यंत्र आलं. आपण बोलायचं ठरवतो तेव्हा जीभ, ओठ आणि घसा यांना हुकूम सोडणारा मेंदूचा एक पट्टा असतो. हुकूम पाळायला कुणी उरलं नाही तरी तो हुकूम सोडतच राहतो; बऱ्याच सरकारी कचेऱ्या याच तत्त्वावर चालतात. त्या पट्ट्यावर नखाएवढी जाळी बसवायची. जाळी तिथल्या विजेचे सेकंदाला हजारो ठोके टिपते, पलंगाखालचा संगणक ते इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या यंत्रांकडे पाठवतो, तिथं ठोक्यांचे शब्द होतात आणि ते पेशंटच्याच जुन्या आवाजात घरी परत येतात. या सगळ्याला पाव सेकंद लागतो. लाइन मात्र वायरचीच हवी, वायरलेस चालणार नाही, हे करारात ठळक अक्षरांत होतं.

लाइन म्हटली की मधे एखादा तुकडा गळणारच. तो भरून काढायला घरच्या संगणकात 'पूरक' नावाचा प्रोग्राम असे. फोनवर बोलताना आवाजाचा एखादा कण हरवला तर फोन मागचं-पुढचं बघून तो भरतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्याचाच हा थोरला भाऊ. पेशंट आधी काय बोललाय, समोरच्यानं काय विचारलंय आणि कुठल्या उत्तरानं समोरच्याचा चेहरा खुलतो, हे सगळं कॅमेऱ्यातून बघून पूरक पुढचा शब्द ठरवी. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'क्वचित, एखाददुसरा शब्द.'

उल्हासरावांनी ते वाचलं होतं. पण त्यांचा जीव गुंतला होता वायरीत.

त्यांनी टेलिफोन खात्यात तेहेतीस वर्षं केबल जोडली होती. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरून, छत्रीखाली बसून, दोनशे जोड्यांची केबल डोळे मिटून सोडवणारा माणूस. हॉलमधल्या इंटरनेटच्या खोक्यापासून बेडरूमपर्यंतची तीस फूट वायर त्यांनी स्वतः ओढली होती आणि दोन्ही टोकांना प्लग स्वतः दाबून बसवले होते. दुकानात तयार वायर मिळते असं मुलगी म्हणाली तेव्हा त्यांनी ज्या नजरेनं तिच्याकडे पाहिलं, ती पद्मजाबाईंकडून उसनी घेतलेली होती.

लाइन तुटायला लागल्यावर त्यांनी आधी महापुराला दोष दिला. जमिनीखालच्या केबलच्या डक्टमध्ये अजून पाणी असणार. मग खोकं बदललं, संगणकाचं कार्ड बदललं, वरच्या मजल्यावरच्या मोरेंचा फ्रिज आठवडाभर बंद ठेवायला लावला. शेवटी वायरही बदलली, तीनदा. तिन्ही वेळा प्लग स्वतःच्या हातानं बसवले आणि तिन्ही वेळा टेस्टर लावला. टेस्टरवर आठच्या आठ दिवे हिरवे लागत. दिवे बघून ते पद्मजाबाईंना म्हणत, "बघ. दोष माझ्याकडे नाही."

"तुमच्याकडे कसा असेल हो," पद्मजाबाई म्हणत.

मग कंपनीची नोटीस आली. सलग तीन महिने जोडणी अस्थिर असल्यानं, एकतीस तारखेपर्यंत तांत्रिक तपासणीत 'स्थिर' असा शेरा न मिळाल्यास पद्मजा उल्हास ठोसर यांची वाचासेवा कायमची थांबवण्यात येईल. खाली मराठीत 'आपले शुभचिंतक' असं होतं.

उल्हासरावांनी मदतकेंद्राला फोन लावला.

"आपली गैरसोय झाली याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं," यंत्र म्हणालं. "कृपया राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा."

"नऊ वेळा केलंय."

"छान! आता पुन्हा एकदा करूया."

"माणूस द्या हो एखादं."

"आपल्या आधी रांगेत दोनशे सहा ग्राहक आहेत. तोवर आपण राउटर—"

"तुझी आई बोलायची बंद होणार असती तर तू काय केलं असतंस?"

"या प्रश्नासाठी पर्याय उपलब्ध नाही," यंत्र नम्रपणे म्हणालं.

शेवटी एकोणतीस तारखेला माणूस मिळालं. तब्बसुम मुजावर, मिरजेच्या, पंचेचाळिशीच्या, कमरेला हत्यारांचा पट्टा आणि कपाळावर चढवलेला चष्मा. चपला दाराबाहेर काढून त्या आत आल्या, पलंगावरच्या बाईंना "नमस्कार, काकू" म्हणाल्या आणि सरळ जमिनीवर बसल्या.

"नमस्कार, बाळा," काकू म्हणाल्या. "ऊन फार आहे ना? अहो, सरबत द्या त्यांना."

"किती गोड बोलतात ओ काकू!"

"आजारपणानं—" उल्हासरावांनी सुरुवात केली.

"प्लग कुणी बसवलाय हा?"

"मी. का? टेस्टर लावा तुमचा. आठही दिवे लागतात."

"लागत्यात की. ते लागणारच." मुजावर बाईंनी चष्मा खाली ओढला, प्लग डोळ्यांजवळ नेला आणि तशाच हसल्या. "काका, तुम्ही टेलिफोनवाले का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"टेलिफोनवालेच असं बसवतात. बघा, निळी जोडी, तिच्या शेजारी नारिंगी जोडी, मग हिरवी, मग तपकिरी. जोडीतल्या दोघी शेजारी-शेजारी."

"मग जोडी शेजारी नाही बसवायची तर कुठं बसवायची?"

"इथं नाही बसवत तशी. इथं तिसऱ्या तारेची जोडी सहावीशी असते. मधे चौथी-पाचवीची वेगळी जोडी." त्यांनी वायरचं टोक सोलून आठ तारा बोटांवर पसरल्या. "एका तारेत निरोप जातो, दुसरीत तोच उलटा जातो. दोघी एकमेकींना पीळ घालून असल्या की बाहेरची गडबड दोघींवर सारखीच पडते आणि शेवटी वजा होते. तुम्ही काय केलंत, निरोप एका जोडीतल्या तारेत घातला आणि त्याचा उलटा दुसऱ्या जोडीतल्या तारेत. आता पीळ आहे पण चुकीच्या बाईशी. ही तिचं ऐकतेय, ती हिचं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या की गोंधळ, आणि लाइन आडवी."

"पण टेस्टर—"

"टेस्टर एवढंच विचारतो, इकडची तार तिकडं पोचली का? पोचली. कुणाबरोबर पोचली ते विचारत नाही तो."

उल्हासराव खुर्चीवर बसले. तेहेतीस वर्षांत त्यांची जोडणी कुणी सोलून दाखवली नव्हती.

"म्हणजे सारखी का नाही तुटायची? तास-तास नीट चालायची की."

"माल कमी असला की चालते. ओझं वाढलं की तुटते." मुजावर बाईंनी नवे प्लग बसवायला घेतले. "काकू गप्प असल्या की लाइन ठीक. काकू जोर लावून बोलायला लागल्या की ठोके वाढणार, आणि लाइन जाणार. जेवढ्या जोरानं बोलणार तेवढी लवकर जाणार."

एवढं बोलून त्या थांबल्या. मग हातातलं काम ठेवून त्यांनी आपला टॅब संगणकाला जोडला आणि बराच वेळ त्यात बघत बसल्या.

"काका, तुम्ही पूरकचा हिशोब कधी बघितलाय?"

"एखाददुसरा शब्द असतो ना तो?"

"सोळा महिन्यांचा आकडा आहे इथं. काकूंचे स्वतःचे शब्द शंभरात नऊ." त्यांनी टॅब पुढं केला. "बाकीचे त्याचे."

उल्हासरावांनी आकडा पाहिला. मग पलंगाकडे पाहिलं.

"मी रोज बोलत होतो तिच्याशी," ते म्हणाले.

"बोलत होता की. उत्तर तो देत होता."

"अहो, चहा घ्या ना थोडा," स्पीकर म्हणाला. "किती दमलात!"

मुजावर बाईंनी दुसरं टोक दाबलं, प्लग खोक्यात बसवला. टक्. पडद्यावर कधी न पाहिलेली हिरवी पट्टी आली आणि तिथंच थांबली. खोलीत काहीच ऐकू येईना. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं.

"ठोसर," पद्मजाबाई म्हणाल्या.

बावीस महिन्यांत उल्हासरावांना कुणी असं हाक मारून बोलावलं नव्हतं. ते उभे राहिले, शाळेत उभं राहतात तसे.

"काय, पद्मजा? बोल. बोल ना."

"तुम्ही गप्प बसलात तर बोलते."

मुजावर बाई खाली बघून पट्ट्यात हत्यारं भरू लागल्या.

"ती मी नव्हते."

"आत्ता कळलं गं मला."

"मला रोज कळत होतं. माझ्या कानाशी, माझ्याच आवाजात. मी 'नको' म्हणायचे आणि बाहेर 'घ्या हो' यायचं. ओरडायचे, तर ती लाल पट्टी यायची. मग तुम्ही वहीत वेळ लिहायचात."

"मला वाटलं, तू..."

"मऊ झाले. ऐकलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतात." आवाज सपाट होता, फळ्यावर उदाहरण मांडताना असतो तसा. "गार्गीला फोन लावा. चेन्नईचं सांगायचंय."

उल्हासरावांनी फोन हातात घेतला, पण लावला नाही.

दहा महिन्यांपूर्वी त्यांची मुलगी गार्गी पुण्याहून कागद घेऊन आली होती. चेन्नईच्या एका संस्थेत मेंदूच्या देठातल्या तुटलेल्या नसांवर पूल बांधायचा उपचार निघाला होता. दहांतल्या चार जणांना हात हलवता येत, दोघांना बोलताही येई. अटी दोनच, झटका आल्यापासून अठरा महिन्यांच्या आत उपचार व्हायला हवा, आणि संमती पेशंटनं स्वतः बोलून द्यायला हवी. उल्हासरावांना ते नको होतं. दहांतल्या एकाचा जीव जात असे, आणि ही बोलत होती, हसत होती. आहे ते का घालवायचं? गार्गीनं आईला विचारलं. लाइन गेली, आली, आणि आई म्हणाली, "नको गं बाळा. मी इथंच सुखात आहे." तेव्हा उल्हासरावांचा चेहरा खुलला होता. कॅमेऱ्यानं तो पाहिला असणार.

"ती मुदत संपली, पद्मजा."

"मला मोजता येतं. चार महिने झाले. उपचार आता होणार नाही, ते मला माहितीय. पण मी हो म्हणत होते, हे तिला कळलं पाहिजे. नाही म्हणणारी बाई मी नव्हते. तेवढंच एक आता करता येण्यासारखं आहे. लावा फोन."

मुजावर बाईंनी तपासणीच्या फॉर्मवर 'स्थिर' असा शेरा मारला, सही केली, आणि दारातून हळूच म्हणाल्या, "येते, काकू." काकू म्हणाल्या, "काम चांगलं केलंत." दारातच बाईंनी डोळे पुसले.

गार्गी पडद्यावर आली. मागं ऑफिस दिसत होतं.

"काय गं आई? या वेळी?"

"गार्गी, मी सांगते ते मधे न बोलता ऐक. चेन्नईला मी हो म्हणत होते. तू ऐकलंस ते यंत्रानं म्हटलं. बाबांच्या वायरीत चूक होती. आज सापडली."

गार्गीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली आणि जमेल तसं सगळं सांगितलं, तिसरी तार, सहावी तार, शंभरात नऊ. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की मुलीचा चेहरा शंभरात नऊ या आकड्याशीच थांबलाय.

"म्हणजे फेब्रुवारीत मी तुझ्याशी बोलले..." ती म्हणाली. "रोज तासभर, महिनाभर. माझं आणि निखिलचं. तू म्हणालीस, तुला जे हवं ते कर, तुझ्या सुखात माझं सुख. त्यावर मी घटस्फोटाच्या कागदांवर सही केली, आई."

"मी म्हणत होते, सहा महिने थांब. निखिल मूर्ख आहे पण वाईट नाही. तू रागात आहेस."

"असं नाही म्हणालीस तू."

"बाहेर आलं नाही. म्हणाले होते."

"नाही." गार्गीचा आवाज चढला. "त्या महिन्यात माझ्याशी फक्त तू नीट बोललीस. आयुष्यात पहिल्यांदा. मी त्यावर जगलेय. आणि आता कुणीतरी उठून सांगतंय की..."

तिच्या पडद्यावर काहीतरी आलं असावं. ती वाचू लागली, "'आपल्या रुग्णाच्या बोलण्यात गेल्या बारा महिन्यांच्या नोंदीपेक्षा अचानक फरक आढळला आहे. बोलणारी व्यक्ती आपली आई आहे असं आपल्याला वाटतं का? जवळची नातेवाईक म्हणून उत्तर द्या.'"

"हो दाब," उल्हासराव म्हणाले. "गार्गी, हो दाब."

"बाबा, आई अशी नाही बोलत."

"अशीच बोलायची! चौतीस वर्षं अशीच बोलायची, तुला आठवत नाही?"

"आठवतं," गार्गी म्हणाली. "म्हणूनच."

"गार्गी," पद्मजाबाई म्हणाल्या, "नीट विचार करून उत्तर लिही. घाईत तू नेहमी चुकतेस."

गार्गीनं बोट टेकवलं.

हिरवी पट्टी होती तशीच राहिली. लाइनला काहीही झालं नव्हतं. तिच्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ आली : 'ओळख न पटल्यानं, ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी, पूरक सेवा सुरू करण्यात आली आहे.'

"गार्गी, बाळा," स्पीकर म्हणाला, "घाबरलीस का गं? रडू नकोस हं."

"आई!" गार्गी हुंदके देत म्हणाली. "आलीस? आलीस ना?"

उल्हासरावांनी मदतकेंद्राला फोन लावला. यंत्रानं अतिशय आपुलकीनं समजावून सांगितलं. नातेवाईकानं एकदा नाकारलेली ओळख नातेवाईकाला परत देता येत नाही. तसं केलं तर कुणीही कुणालाही पेशंट म्हणून बोलायला लावील. मात्र पेशंटचे ठोके कंपनीकडे पोचत आहेत, लाइन उत्कृष्ट आहे, आणि ते सतत तपासले जात आहेत. दहांतली आठ वाक्यं बारा महिन्यांच्या नोंदीशी जुळली की ओळख पटेल आणि पेशंटचे स्वतःचे शब्द आपोआप ऐकू येऊ लागतील.

"आणि नाही जुळली तर?"

"तर त्या आमच्या पेशंट नाहीत," यंत्र म्हणालं. "आपली आणखी काही मदत करू शकतो का?"

त्यांनी मुजावर बाईंना फोन केला. त्या स्टॅण्डवर मिरजेच्या बसची वाट बघत होत्या. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, तार असती तर मी उलटी-सुलटी करून दिली असती. हे माझ्या हातातलं नाही ओ."

दुपार सरली. उल्हासराव पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले. पद्मजाबाई छताकडे बघत होत्या, म्हणजे चेहरा तिकडे होता. त्यांचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"पद्मजा, ऐकतेस ना? एक युक्ती आहे." त्यांनी खुर्ची आणखी पुढं सरकवली. "तू थोडे दिवस गोड बोल. 'अहो' म्हण. 'बाळा' म्हण. मी काही विचारलं की 'तुम्ही म्हणाल तसं' म्हण. तुला नाही जमणार म्हणू नकोस, सोळा महिने ऐकलंयस, पाठ असेल तुला. दहांतली आठ तसली बोल. मग ते तुला सोडतील. मग उरलेल्या दोनांत तू तुझं बोल. हवं तर शिव्या घाल मला. दोनच. पण आठ तसली, नाहीतर परत बंद करतील."

एवढं बोलून ते थांबले. गणिताच्या बाईंना आपण काय शिकवतोय ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं.



"बरं हो," स्पीकर म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

उल्हासराव इतके पुढं वाकले की त्यांचं कपाळ पलंगाच्या कडेला लागलं.

"पद्मजा? ही तू आहेस का?"

"मीच की, अहो," आवाज म्हणाला. "दुसरं कोण असणार?"